सॅल्मनच्या हृदयाचा रोग आणि त्यामागचा विषाणू: सापडणं आणि सिद्ध होणं यांत सात वर्षं

नॉर्वेच्या किनाऱ्यालगत समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवल्या जाणाऱ्या अटलांटिक सॅल्मनमध्ये १९९९ साली एक नवा रोग नजरेस आला. गोड्या पाण्यातली वाढ संपली की हे मासे समुद्रात सोडतात. त्यानंतर साधारण पाच ते नऊ महिन्यांनी रोग दिसू लागायचा. मासे खाणं टाकत, त्यांचं पोहणं बिघडे आणि काही मरत. मेलेला मासा उघडला तर हृदय फिकट, यकृत पिवळट, प्लीहा सुजलेली, पोटात पाणी आणि आतड्यांभोवतीच्या चरबीत रक्ताचे बारीक ठिपके दिसत. एखाद्या पिंजऱ्यातली मरतूक वीस टक्क्यांपर्यंत जाई. पण जिवंत, वरून बऱ्या दिसणाऱ्या माशांची हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जवळजवळ सगळ्यांमध्येच दाह आढळे.

या रोगाला ‘हृदय व कंकाल-स्नायू दाह’ असं सरळ वर्णनात्मक नाव पडलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एचएसएमआय म्हणतात. रोगाला नाव मिळालं तरी कारण ठाऊक नव्हतं. २०१० साली एक विषाणू सापडला आणि तोच कारण आहे हे २०१७ साली पक्कं झालं. विषाणू सापडणं आणि तो कारण ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या रोगाइतकी ती वेगळेपणाची जाणीव दुसरं उदाहरण क्वचितच करून देतं.

आधी रोग नेमका ओळखा

कारण शोधण्याआधी ‘रोगी कोणाला म्हणायचं’ हे ठरवावं लागतं. कंटाळवाणी वाटणारी ही पायरी चुकली, तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. सॅल्मनच्या हृदयाला इजा करणारे आणखी दोन विषाणूजन्य रोग त्याच समुद्रात आहेत. पहिला स्वादुपिंडाचा रोग, जो सॅल्मनच्या अल्फाविषाणूमुळे होतो. दुसरा हृदयस्नायूंचा रोग, ज्याच्या मुळाशी मायोकार्डायटिस विषाणू आहे. मासा बाहेरून पाहून या तिघांत फरक करता येत नाही. तो फक्त ऊतींच्या पातळ कापांत दिसतो.

माशाच्या हृदयात एक अलिंद आणि एक निलय असतं. निलयाच्या भिंतीत बाहेर घट्ट थर आणि आत जाळीदार, स्पंजासारखा थर असतो. एचएसएमआयमध्ये दाह हृदयाच्या बाहेरच्या आवरणात आणि घट्ट व जाळीदार अशा दोन्ही थरांत सापडतो. शिवाय शरीराच्या बाजूने जाणाऱ्या लाल स्नायूंच्या पट्ट्यातही तो असतो. हे लाल स्नायू मासा संथपणे, सतत पोहताना वापरतो. स्वादुपिंड मात्र शाबूत राहतं. अल्फाविषाणूच्या रोगात स्वादुपिंडाचा पाचकरस बनवणारा भागच नाहीसा झालेला दिसतो. हृदयस्नायूंच्या रोगात मार मुख्यतः अलिंद व निलयाच्या जाळीदार थरावर असतो आणि कंकाल-स्नायू बहुधा सुटतात. तो रोग सहसा समुद्रातल्या दुसऱ्या वर्षातल्या, विक्रीला आलेल्या मोठ्या माशांना होतो.

म्हणून प्रत्येक माशाचं संपूर्ण हृदय, लाल व पांढरा स्नायू एकत्र येईल असा तुकडा, स्वादुपिंड, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड घ्यावं लागतं. घाईत फक्त निलयाचं टोक कापून पाठवलं आणि स्वादुपिंड राहून गेलं, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिला हे तीन रोग वेगळे करता येणार नाहीत.

नमुना बिघडला की उत्तरही बिघडतं

पिंजऱ्याच्या तळाशी साठलेले मेलेले मासे गोळा करणं सोपं असतं, पण ऊती तपासायला ते जवळपास निरुपयोगी असतात. मासा मेल्यावर त्याच्या पेशी फार लवकर विरघळू लागतात आणि मग दाह कोणता, कुजणं कोणतं हे कळत नाही. मरणासन्न मासा जिवंत पकडून, भुलीच्या औषधाचा जादा डोस देऊन मारावा आणि लगेच कापावा. त्याच पिंजऱ्यातले धडधाकट दिसणारे काही मासे आणि रोग नसलेल्या ठिकाणचे मासेही घ्यावेत. तुलनेला निरोगी मासे नसतील, तर नुसत्या रोगी माशांत सापडलेल्या कुठल्याही विषाणूला अर्थ उरत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी शेपटीकडच्या शिरेतून हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेल्या नळीत रक्त घ्यावं. मग जनुकीय तपासणीसाठीचे तुकडे, आणि फॉर्मलिन सगळ्यात शेवटी, कारण फॉर्मलिन लागलं की आरएनए खराब होतो. आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाकायचा तुकडा किमान एका बाजूने अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. जाड तुकड्यात द्रावण आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग सडतो. असा तुकडा रात्रभर ४ अंश सेल्सिअसला ठेवून मग उणे २० किंवा उणे ८० अंशांत साठवतात. फॉर्मलिन १० टक्के आणि उदासीन असावं, ऊतीच्या आकारमानाच्या किमान दहापट घ्यावं, आणि त्यात तुकडे एक-दोन दिवस राहू द्यावेत. ऊतींच्या कापांसाठीचा तुकडा कधीही गोठवू नये. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि काप चाळणीसारखा दिसतो. दर माशाला नवं पातं वापरावं. पहिल्या माशाचं रक्त दुसऱ्याच्या हृदयाला लागलं, तर संवेदनशील तपासणीत दोघेही बाधित निघतील.

रोग पसरतो, पण पसरवतं कोण?

रोग एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जात असल्याने संसर्गाचा संशय होताच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या प्रयोगांनी तो पक्का केला. रोगी माशांचं हृदय वाटून केलेला अर्क निरोगी माशांना टोचला, तर त्यांना हृदयाचा तसाच दाह झाला. त्यांच्यासोबत टाकीत सोडलेल्या, काहीच न टोचलेल्या माशांनाही तो झाला. या दुसऱ्या गटाचं वजन जास्त आहे. परकी ऊती टोचल्याने स्वतंत्रपणेही दाह होऊ शकतो, पण शेजारच्या माशाला पाण्यातून झालेला दाह सुईमुळे झाला असं म्हणता येत नाही. अशा प्रयोगात निरोगी माशाच्या हृदयाचा अर्क टोचलेला गट हवाच, नाहीतर निष्कर्ष लंगडा पडतो.

मात्र एवढ्याने फक्त ‘काहीतरी पसरतं’ इतकंच कळतं. वाटलेल्या हृदयात त्या माशाच्या शरीरातलं सगळंच असतं, एकापेक्षा जास्त विषाणूसुद्धा. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून अर्क गाळला तर जिवाणू मागे राहतात, पण विषाणूंची गर्दी पलीकडे जातेच.

नेहमीचा पुढचा मार्ग म्हणजे अर्क माशांच्या पेशींवर टाकणं. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात वाढणाऱ्या पेशींचा थर असतो. विषाणू वाढला तर त्या फुगतात, गोल होतात, मरतात. १९८४ साली नॉर्वेत प्रथम दिसलेल्या सॅल्मनच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचं कोडं याच मार्गाने सुटलं. सॅल्मनच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या पेशीरेषेत, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशींत, तो विषाणू १९९५ साली वाढवता आला. एचएसएमआयमध्ये मात्र हा मार्ग बंद निघाला. विषाणू नेहमीच्या कुठल्याच पेशीरेषेत टिकून वाढेना. त्याचं कारण पुढे येईल.

वाढवता येत नसेल तर वाचून काढा

२०१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला गट आणि नॉर्वेतली पशुवैद्यकीय संस्था यांनी मिळून वेगळी वाट धरली. विषाणू वाढवायचाच नाही, तर रोगी माशाच्या हृदयातला सगळा आरएनए काढून, त्याचं डीएनएमध्ये रूपांतर करून, जे सापडेल ते सगळं वाचायचं.

यातली मुख्य अडचण म्हणजे माशाचा स्वतःचा आरएनए आणि डीएनए. वाचलेल्या तुकड्यांतले बहुतेक सगळे माशाचेच असतात आणि विषाणूचे मूठभर. म्हणून आधी डीएनए नष्ट करणारं विकर वापरून माशाचा डीएनए काढून टाकतात. माशाच्या ज्ञात जनुकांशी जुळणारे तुकडे संगणकावर वगळतात. उरलेल्यांची तुलना ज्ञात विषाणूंशी होते. आणि इथेच नव्या विषाणूची गोम आहे. तुलना जुन्या नोंदींशी होते, तेव्हा पुरेसा वेगळा विषाणू ओळखूच येत नाही. या शोधात अक्षरांची ओळीने जुळणी करणाऱ्या नेहमीच्या पद्धतीला काहीच ठोस मिळालं नाही. मग अक्षरांचे छोटे गट कोणत्या प्रमाणात येतात यावरून नातं ताडणारी पद्धत वापरली. हे एखाद्या अनोळखी मजकुरातला एकही शब्द न समजता, अक्षरांच्या वारंवारतेवरून भाषेचं कुळ ओळखण्यासारखं आहे. कुळ निघालं रिओविषाणूंचं.

या कुळाच्या नावातच एक संदर्भ दडलेला आहे. १९५९ साली विषाणूतज्ज्ञ अल्बर्ट सेबिन यांनी हे नाव सुचवलं. माणसाच्या श्वसनमार्गात आणि आतड्यात सापडणारे, पण कुठल्याच रोगाशी न जुळणारे ‘अनाथ’ विषाणू, असा त्या आद्याक्षरांचा अर्थ होतो. विषाणू आहे पण रोग सापडत नाही, अशी ती जुनी गोष्ट होती. इथे रोग होता आणि विषाणू शोधायचा होता.

कुळ कळल्यावर मधल्या रिकाम्या जागा भरून पूर्ण जनुकसंच जोडला गेला. त्यात दुहेरी धाग्याच्या आरएनएचे दहा वेगवेगळे तुकडे आहेत: तीन मोठे, तीन मध्यम, चार लहान. तुकड्यांची टोकं नीट वाचावी लागतात, कारण एकाच विषाणूच्या सगळ्या तुकड्यांची टोकं सारखी असतात. ती सारखी निघाली, म्हणजे दहा तुकडे दोन-तीन विषाणूंची भेसळ नसून एकाच विषाणूचे आहेत याला बळ मिळालं. या विषाणूला पिसाइन रिओविषाणू म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो पीआरव्ही.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

क्रम हातात आला की त्या विषाणूपुरती नेमकी मोजणी, म्हणजे रिअल-टाइम पीसीआर, करता येते. २०१०च्या अभ्यासात रोगी माशांच्या २९ पैकी २८ नमुन्यांत विषाणू सापडला आणि निरोगी पाळीव माशांच्या १० पैकी एकाही नमुन्यात सापडला नाही. नद्यांमधल्या जंगली सॅल्मनच्या ६६ पैकी १६ नमुन्यांत तो होता, पण कमी प्रमाणात.

या तपासणीत हमखास होणारी एक चूक आहे. पीआरव्हीचा आरएनए दुहेरी धाग्याचा असतो. उलट प्रतिलेखनाआधी, म्हणजे आरएनएचा डीएनए बनवण्याआधी, तो सुमारे ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवावा लागतो, म्हणजे धागे सुटे होतात. ही पायरी गाळली तर प्रायमरला, म्हणजे प्रत बनवणं सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्याला, चिकटायला जागा मिळत नाही आणि विषाणू भरपूर असूनही तो कमी दिसतो किंवा दिसतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे निकालातला सीटी, म्हणजे विषाणू दिसू लागेपर्यंत लागलेल्या चक्रांचा आकडा, उलटा वाचायचा असतो. आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त, आणि ३.३चा फरक म्हणजे साधारण दहापट. सीटी १८ आणि सीटी ३५ या दोघांनाही ‘बाधित’ म्हणणारा अहवाल अर्धवट आहे, कारण त्या दोन माशांतल्या विषाणूच्या प्रमाणात लाखाहून जास्त पटींचा फरक असतो. प्रत्येक फेरीत नुसत्या पाण्याची नळी आणि रिकामा अर्कनमुना ठेवावाच. त्यांत विषाणू दिसला तर ती फेरी फेकून द्यावी.

२८ विरुद्ध शून्य हा फरक मोठा आहे, तरी तो सहसंबंध आहे. पुढच्या काही वर्षांत शंका वाढल्या, आणि त्या रास्त होत्या. नॉर्वेच्या पाळीव सॅल्मनमध्ये पीआरव्ही जवळपास सगळीकडे निघू लागला, रोग नसलेल्या माशांतही, कधी भरपूर प्रमाणात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पीआरव्ही प्रयोगात माशांना टोचला तर तो त्यांच्यात वाढला, पण एचएसएमआय झाला नाही. मग विषाणू कारण आहे, की फक्त सोबत राहणारा पाहुणा?

तांबड्या पेशींनी दिलेलं उत्तर

२०१४ साली कळलं की पीआरव्ही मुख्यतः माशाच्या तांबड्या रक्तपेशींत वाढतो. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, पण माशांच्या पेशींत असतं आणि त्या प्रथिनं बनवू शकतात. म्हणून विषाणूला तिथे घर करता येतं. यामुळे दोन कोडी सुटली. मूत्रपिंड किंवा भ्रूणापासून बनवलेल्या पेशीरेषांत तो का वाढत नाही हे उमगलं. आणि रक्त प्रत्येक अवयवात असल्यामुळे पीसीआर कुठल्याही अवयवातून ‘आहे’ म्हणणारच, हेही लक्षात आलं. हृदयाच्या तुकड्यातला सकारात्मक निकाल हा हृदयातल्या रक्ताचाही असू शकतो. त्यामुळे ऊतींच्या कापावरच विषाणूचा आरएनए रंगवून तो कोणत्या पेशीत बसला आहे हे पाहणं इथे अपरिहार्य आहे.

वेळेचंही गणित सुटलं. रक्तातला विषाणू आधी कळसाला जातो आणि हृदयाचा दाह काही आठवड्यांनी दिसतो. त्या दाहात माशाच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींचा, विशेषतः विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या पेशींचा, मोठा वाटा असतो. नंतर हृदय भरून येतं, पण विषाणू रक्तात दीर्घकाळ राहतो. म्हणजे दाहाच्या आधी तपासलेला आणि बरा झालेला, दोन्ही मासे ‘निरोगी पण बाधित’ या एकाच रकान्यात पडतात.

जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या जुन्या कसोट्या असं सांगतात: जंतू प्रत्येक रोग्यात सापडावा, तो शुद्ध रूपात वाढवता यावा, शुद्ध जंतूने रोग व्हावा आणि त्या नव्या रोग्यातून तो परत मिळावा. विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढत नाहीत, म्हणून विषाणूतज्ज्ञ थॉमस रिव्हर्स यांनी १९३७ साली या कसोट्या विषाणूंसाठी सैल केल्या. पीआरव्हीसाठी मात्र अडचण कायम होती. शुद्ध रूपात तो आणायचा कुठून?

उत्तर पुन्हा रक्तातच होतं. प्रयोगात लागण केलेल्या माशांच्या तांबड्या पेशींत विषाणू प्रचंड प्रमाणात साठतो. त्या पेशी फोडून, सीझियम क्लोराइडच्या थराथरांच्या द्रावणात अतिवेगाने फिरवल्या की प्रत्येक घटक आपल्या घनतेच्या थरात जाऊन थांबतो आणि विषाणूचा थर वेगळा उचलता येतो. उचललेल्या थरात विषाणूचे अखंड कण आहेत हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या प्रयोगात असा शुद्ध केलेला पीआरव्ही निरोगी सॅल्मनला टोचला. त्यांच्या हृदयात एचएसएमआयचा ठरावीक दाह झाला, सोबत ठेवलेल्या माशांनाही झाला, आणि तोच विषाणू त्यांच्यातून परत मिळाला. वाटलेल्या हृदयाबद्दलचा जुना आक्षेप इथे संपला.

विषाणू एक, स्वभाव वेगळे

कॅनडाचं कोडं मात्र उरलं होतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वेगवेगळ्या ठिकाणचे आणि काळांतले पीआरव्ही एकाच प्रयोगात, एकाच प्रकारच्या सॅल्मनमध्ये तपासले गेले. नॉर्वेतल्या अलीकडच्या विषाणूंनी हृदयाला स्पष्ट इजा केली. कॅनडाच्या विषाणूने आणि नॉर्वेतल्याच १९८८ सालच्या जपून ठेवलेल्या नमुन्यातल्या विषाणूने फार सौम्य परिणाम केला. सगळेच रक्तात वाढले, तरी रोग सारखा झाला नाही. १९८८ म्हणजे रोग नजरेस येण्याच्या अकरा वर्षं आधी. विषाणू आधीपासून होता, रोग नंतर आला. सौम्य वंशाचे काही जनुकतुकडे बदलले आणि उग्र वंश तयार झाला, असं आता मानलं जातं. लहान तुकड्यांतला पहिला आणि मध्यम तुकड्यांतला दुसरा यांचा यात विशेष संबंध दिसतो.

सॅल्मनच्या इतर जातींत याचे भाऊबंद आहेत. पीआरव्ही-२ जपानमधल्या कोहो सॅल्मनच्या रक्तपेशींच्या रोगाशी, तर पीआरव्ही-३ इंद्रधनुष्यी ट्राउटच्या हृदयदाहाशी जोडला गेला आहे. वर सांगितलेला सगळा पीआरव्ही-१.

आज मत्स्यपालकाच्या हातात अहवाल येतो तेव्हा ‘पीआरव्ही आहे’ एवढ्या एका ओळीवर रोगनिदान करू नये. नॉर्वेत हा विषाणू इतका पसरला की २०१४ साली एचएसएमआय सक्तीने कळवायच्या रोगांच्या यादीतून वगळला गेला. तिथे नुसता ‘आहे’ हा निकाल जवळपास अपेक्षितच असतो. निदानासाठी हृदय व लाल स्नायूंच्या कापांतला दाह, शाबूत स्वादुपिंड, इतर दोन विषाणूंच्या तपासण्या नकारात्मक, आणि पीआरव्हीचा सीटी, हे एकत्र वाचावं लागतं. विषाणूचं प्रमाण भरपूर आणि हृदय स्वच्छ असेल, तर तीन-चार आठवड्यांनी त्याच पिंजऱ्यातले मासे पुन्हा तपासावेत, कारण दाह मागाहून येतो. नेहमीची पीसीआर उग्र आणि सौम्य अशा दोन्ही वंशांना सारखीच पकडते. त्यांतला कोणता आहे हे हवं असेल, तर ते जनुकतुकडे वाचून मागावे लागतात, आणि त्यासाठी रक्तपेशींचा थोडा साठा उणे ८० अंशांत, तारीख, ठिकाण व माशाचं वय नीट लिहून, बाजूला ठेवलेला असावा लागतो.